गाडी उलटली तर छत टिकेल का? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मी नाशिकला मोटार विम्याचा सर्व्हेअर आहे. कसारा घाट, समृद्धी आणि मुंबई-आग्रा रस्ता, तिन्हीकडच्या आपटलेल्या गाड्या माझ्यापुढे येतात. उलटलेली गाडी क्रेनने यार्डात आणून ठेवली की घरची माणसं आधी छताकडे बघतात आणि मग माझ्याकडे. तेच ते प्रश्न फोनवर आणि व्हॉट्सॲपवर वर्षानुवर्षं येत राहिले, म्हणून उत्तरं एकदाची लिहून काढली. साधे प्रश्न आधी घेतले आहेत, आडवळणाचे नंतर. एका उत्तराचा धागा दुसऱ्यात असेल तिथे प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. शोरूममध्ये छत अंगठ्याने दाबलं तर पत्रा आत गेला. एवढ्या पातळ पत्र्याची गाडी घ्यावी का?

त्या एका कारणावरून नाकारू नका. वरचा पत्रा बहुतेक सगळ्या गाड्यांत पाऊण मिलिमीटरच्या आसपास असतो, मग गाडी सात लाखांची असो की तीस लाखांची. ऊन-पाऊस अडवणं आणि गाडीला आकार देणं एवढंच त्याचं काम. गाडी उलटल्यावर भार पेलतो तो त्याच्या आतला सांगाडा, आणि तो शोरूममध्ये दिसत नाही.

"पूर्वीच्या गाड्यांचा पत्रा कसा ठणठणीत होता" हे मला दर आठवड्याला कुणीतरी ऐकवतं. पत्रा ठणठणीत होता हे खरं आहे, पण त्या गाड्यांचे खांब साध्या मऊ पोलादाचे होते. दार लावताना येणाऱ्या 'धप्प' आवाजाचाही छताशी संबंध नाही. तो रबराचा आणि दाराच्या आतल्या भरणाचा आवाज असतो.

२. मग छत उभं कशावर असतं?

खांबांवर. गॅरेजच्या भाषेत पिलर. पुढच्या काचेच्या दोन्ही बाजूंना ए पिलर, पुढच्या आणि मागच्या दाराच्या मध्ये बी, मागच्या दारामागे सी, आणि लांब गाडी असेल तर डी. या खांबांची डोकी जोडणारी लांब तुळई दोन्ही बाजूंनी जाते, तिला रूफ रेल म्हणतात. दोन रेलांच्या मध्ये घराच्या वाशांसारख्या आडव्या पट्ट्या असतात. पुढची काचही चिकटवलेली असल्यामुळे थोडा भार उचलते (प्रश्न १५).

खांब कशाचा आहे यावर सगळं ठरतं. बोरॉन पोलादाचा पत्रा लालभडक तापवून साच्यात दाबतात आणि तिथेच झटक्यात थंड करतात. त्याची ताकद १५०० मेगापास्कलच्या घरात जाते, म्हणजे साध्या बॉडी पत्र्याच्या कितीतरी पट. २००२ साली व्होल्वोने एक्ससी९० च्या छताच्या सांगाड्यात हे पोलाद वापरलं तेव्हा ते नवल होतं. आता आपल्याकडच्या मध्यम किमतीच्या गाड्यांच्या बी पिलरमध्येही ते सापडतं. अपघातस्थळी जुनं हायड्रॉलिक कटर अशा पिलरवर नुसतं घसरतं, इतकं ते कडक असतं.

३. छताची ताकद मोजतात कशी?

गाडी खालून घट्ट बांधतात. अडीच फूट रुंद आणि सहा फूट लांब असा एक पोलादी पाट बाजूला २५ अंश आणि पुढे ५ अंश कलवून ए पिलरच्या वरच्या कोपऱ्यावर टेकवतात आणि दाबायला सुरुवात करतात. यात धडक नसते. पाट सेकंदाला काही मिलिमीटर इतक्या संथपणे उतरतो. आधी कुरकुर ऐकू येते, मग काचेच्या वरच्या कोपऱ्यातून तडा निघतो, मग पिलर हळूहळू आत झुकू लागतो.

छत १२७ मिलिमीटर, म्हणजे पाच इंच चेपेपर्यंत त्याने जास्तीत जास्त किती जोर सोसला तो आकडा घेतात आणि त्याला गाडीच्या वजनाने भागतात. हजार किलोच्या गाडीच्या छताने चार हजार किलोचा भार पेलला तर गुणोत्तर ४. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या आयआयएचएस या संस्थेने २००९ मध्ये अशी श्रेणी द्यायला सुरुवात केली. त्यात ४ किंवा वर म्हणजे चांगलं, ३.२५ ते ४ ठीक, २.५ ते ३.२५ जेमतेम, त्याखाली कमकुवत.

दाब कोपऱ्यावरच का, हे लोक विचारतात. कलंडणारी गाडी सपाट छतावर पडत नाही, आधी तिचा वरचा कोपरा जमिनीला लागतो.

४. हा नियम कुठून आला? जगभर आहे का?

मूळ नियम अमेरिकेचा, एफएमव्हीएसएस २१६, १९७३ पासूनचा. छताने गाडीच्या वजनाच्या दीडपट भार पेलावा, तोही एकाच बाजूला, एवढीच अट होती, आणि ती पस्तीसहून जास्त वर्षं तशीच राहिली. मे २००९ मध्ये नवा नियम निघाला. एकूण भारासह ६००० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे साधारण २७०० किलोपर्यंतच्या गाड्यांना तिप्पट, त्यावरच्या १०,००० पौंडांपर्यंतच्या गाड्यांना दीडपट, आणि दोन्ही बाजू एकापाठोपाठ दाबायच्या. सप्टेंबर २०१२ पासून तो टप्प्याटप्प्याने लागू झाला.

दोन्ही बाजू दाबण्याची अट फार मोलाची आहे. पहिल्या दाबात काच फुटते आणि एक खांब वाकतो. दुसरी बाजू मग काचेच्या आधाराशिवाय उभी राहते, आणि खऱ्या अपघातात नेमकं हेच होतं.

या नियमामागचा एक आकडा मी पुन्हा पुन्हा सांगतो. त्या सुमारास अमेरिकेत गाडी उलटण्याच्या अपघातांत वर्षाला दहा हजारांच्या आसपास माणसं मरत होती. नव्या नियमाने त्यातली किती वाचतील, याचा सरकारचा अंदाज होता वर्षाला १३५. इतकी कमी का? कारण मरणाऱ्यांतल्या फार मोठ्या संख्येने बेल्ट लावलेला नव्हता आणि पुष्कळजण गाडीबाहेर फेकले गेले होते. जो छताखाली राहिलाच नाही त्याला छत काय वाचवणार?

५. माझ्या गाडीला भारत एनकॅपचे पाच तारे आहेत. म्हणजे छतही मजबूत ना?

असा सरळ अर्थ काढता येत नाही. भारत एनकॅप, म्हणजे धडक चाचणीवरून गाड्यांना तारे देणारी आपली सरकारी योजना, १ ऑक्टोबर २०२३ पासून लागू आहे. त्यात समोरून ताशी ६४ किलोमीटरने, बाजूने ५० ने आणि खांबावर बाजूने २९ ने धडक घेतात. छत दाबायची चाचणी त्यात नाही. ग्लोबल एनकॅपमध्ये नाही, युरो एनकॅपमध्येही नाही.

तरी तारे अगदीच निरुपयोगी नाहीत. अर्ध्या बाजूच्या धडकेत ए पिलर मागे सरकला का, बॉडी स्थिर राहिली का, हे तिथे दिसतं. समोरच्या धडकेत जो ए पिलर कागदासारखा दुमडतो तो उलटल्यावर काय टिकणार? तीन आणि त्यावरच्या ताऱ्यांसाठी ईएससी, म्हणजे घसरणारी गाडी सावरणारी यंत्रणा लागते, तिचा फायदा प्रश्न १२ मध्ये सांगितला आहे. एक मात्र करू नका. त्याच नावाच्या परदेशी मॉडेलचा छताचा आकडा इंटरनेटवर बघून तो आपल्या गाडीला लावू नका. नाव तेच असलं तरी आतलं पोलाद तेच असेल याची खात्री नसते.

६. म्हणजे आपल्याकडे छताला काहीच नियम नाही?

बसला आहे. एआयएस-०३१ या वाहनांच्या भारतीय मानकाप्रमाणे बसचा सांगाडा ८०० मिलिमीटर उंचीवरून कलंडवतात. उलटल्यावर बसलेल्या माणसाभोवतीची ठरावीक जागा शाबूत राहिली पाहिजे, त्या जागेत कुठलाही भाग घुसता कामा नये. ट्रकच्या केबिनलाही एआयएस-०२९ मध्ये छताची कसोटी आहे. घरच्या मोटारीला नाही. मला हे खटकतं, आणि ते बदलावं असं मी प्रत्येक चर्चेत बोलतो.

बसच्या बाबतीत एवढं लक्षात घ्या की छत टिकलं तरी बाहेर पडायला वाट लागते. १ जुलै २०२३ ला समृद्धीवर सिंदखेडराजाजवळ बस उलटून पेटली आणि २५ जण गेले. रात्रीच्या बसमध्ये चढल्यावर आपत्कालीन खिडकी कोणती आणि हातोडा कुठे लटकतो, हे जागेवर बसण्याआधी बघून घ्या.

७. छत चेपल्यामुळे मान मोडते, की मान आधीच मोडलेली असते?

या प्रश्नावर इंजिनिअर मंडळी अनेक वर्षं भांडली. १९८० च्या दशकात जनरल मोटर्सच्या इंजिनिअरांनी मालिबू गाड्या मुद्दाम उलटवल्या. काहींना आतून रोल केज, म्हणजे पोलादी नळ्यांचा पिंजरा बसवलेला, काही कारखान्यातून आल्या तशाच. डमींच्या मानेवर आलेले जोर मोजले तर दोन्ही प्रकारांत फार फरक दिसेना. त्यांचा निष्कर्ष असा की छत जमिनीला टेकतं तेव्हा डोकं आधीच छताला लागलेलं असतं आणि मागून येणारं धडाचं वजन मान दाबतं. चेपणं त्यानंतरचं. दुसऱ्या बाजूच्या तज्ज्ञांनी त्याच नोंदी वाचून उलट म्हटलं की डोक्याभोवतीची जागाच गेली तर माणूस वाचणार कसा.

प्रत्यक्ष रस्त्यावरच्या अपघातांचा हिशेब आयआयएचएसने २००८ मध्ये मांडला. मध्यम आकाराच्या एसयूव्हींत छताचं गुणोत्तर एक अंकाने वाढलं की उलटण्याच्या अपघातात मृत्यूचा किंवा गंभीर दुखापतीचा धोका २४ टक्क्यांनी घटत होता. नंतर लहान गाड्यांत ही घट २२ टक्के निघाली. मला हा हिशेब पटतो, कारण यार्डात मी तेच बघतो. पण जुन्या चाचण्यांतली गोष्टही सोडू नये. छत जागेवर राहायला हवं आणि डोकं छतापासून लांब राहायला हवं. पहिलं कंपनीच्या हातात आहे, दुसरं बेल्टच्या.

८. उलटल्यावर बेल्टमध्ये अडकून पडलो तर? त्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं, असं आमचे ड्रायव्हरकाका म्हणतात.

काकांना माझा नमस्कार सांगा, पण त्यांचं हे ऐकू नका. फेकला गेलेला माणूस गवतावर अलगद पडत नाही. तो डांबरावर, डिव्हायडरवर किंवा स्वतःच्याच गाडीखाली येतो. उलटण्याच्या अपघातात बेल्ट मृत्यूचा धोका सुमारे ७५ टक्क्यांनी कमी करतो, असा अमेरिकेच्या रस्ता सुरक्षा खात्याचा अंदाज आहे. आपल्याकडे २०२२ या एका वर्षात बेल्ट न लावलेले १६,७१५ जण मेले, त्यात निम्मे चालकाशेजारी किंवा मागे बसलेले प्रवासी. हा केंद्र सरकारचा आकडा आहे.

बेल्टमधून सुटायचं कसं, ते प्रश्न १० मध्ये आहे.

९. मागे बसणाऱ्यालाही बेल्ट लागतोच का? मागे तर सुरक्षित असतं.

लागतोच. केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १३८(३) प्रमाणे समोर तोंड असलेल्या मागच्या सीटवरही बेल्ट सक्तीचा आहे आणि दंड हजार रुपये. दंड राहू द्या. गाडी कोलांट्या घेते तेव्हा मागचा मोकळा माणूस आतल्या आत सगळ्यांवर आदळतो. पुढच्याने बेल्ट लावलेला असला तरी त्याची मान मागच्याच्या गुडघ्याने मोडू शकते.

माझ्या मावसभावाची गाडी पावसात घाटाच्या कडेच्या चरीत जाऊन उलटली. छत जेमतेम दोन बोटं दबलं होतं. पुढचे दोघं खरचटून सुटले. मागे बसलेल्या मावशीचा खांदा आणि दोन बरगड्या मोडल्या. मी गाडी बघायला गेलो तेव्हा मागच्या सीटवर बकल दिसेचना. नवं कोरं रेक्झिनचं सीट कव्हर चढवताना दुकानदाराने तिन्ही बकलं खाली गाडून टाकली होती. कव्हरखाली हात घालून मी ती एकेक करून बाहेर काढली, तेव्हा त्यांच्यावर कारखान्यातलं प्लास्टिक तसंच होतं. मावशीला बेल्ट लावायचा असता तरी लावता आला नसता.

आज खाली जाऊन तुमच्या मागच्या सीटची बकलं वर आहेत का ते बघून या. पुढच्या सीटच्या कडेला 'एअरबॅग' असं छोटं लेबल असेल तर त्या बाजूला साधं कव्हर घालूच नका, बाजूची एअरबॅग तिथूनच बाहेर येते.

१०. गाडी उलटी पडली आहे आणि मी बेल्टला लटकतोय. काय करायचं? आणि बाहेरच्यांनी काय करायचं?

आधी इग्निशन बंद करा. घाईने बकल दाबू नका, नाहीतर डोक्यावर आपटाल. पाय डॅशबोर्डखाली घट्ट रोवा, एक हात खाली आलेल्या छताला टेकवून अंगाचा भार त्यावर घ्या, मग दुसऱ्या हाताने बकल दाबा. दार अडकलं असेल तर खिडकी. बाजूची काच फोडायची तर कोपऱ्यात, मध्यावर नाही. सीटच्या हेडरेस्टने काच फोडायचा व्हिडिओ सगळ्यांकडे फिरतो, पण हेडरेस्ट त्यासाठी बनवलेलं नसतं आणि घाबरलेल्या माणसाला उलट्या गाडीत ते काढता येत नाही. बेल्ट कापायचं पातं असलेला छोटा हातोडा मिळतो. तो डिक्कीत नको, चालकाच्या हाताला लागेल असा पक्का बसवून ठेवा.

बाहेरच्यांनी ११२ किंवा १०८ ला फोन लावावा, राष्ट्रीय महामार्गावर १०३३ आहे. आग किंवा पेट्रोलचा ओघळ नसेल तर आतल्याला ओढून काढू नका. त्याचं डोकं आणि मान हलू न देता धरून बसा, बोलत राहा. मदत करणाऱ्याला पोलिसांचा ससेमिरा लागतो ही भीती जुनी झाली, मोटार वाहन कायद्याच्या १३४ए कलमाने त्याला संरक्षण दिलं आहे.

११. सनरूफमुळे छत कमजोर होतं का? मुलं हट्ट करतात म्हणून घेतोय.

कंपनीतून बसवून आलेल्या सनरूफने छत फारसं कमजोर होत नाही. भार रूफ रेल आणि खांब घेतात आणि सनरूफच्या भोवती वेगळी चौकट दिलेली असते. बाहेरच्या दुकानात पत्रा कापून बसवलेल्या सनरूफची गोष्ट वेगळी. तिथे आडव्या पट्ट्या कापल्या जातात आणि त्याची भरपाई कुणी करत नाही. ते करूच नका.

सनरूफचा खरा धोका भोकाचा आहे. टफन्ड काच फुटली की खडीसाखरेसारखी विखुरते आणि वर मोकळी वाट राहते. बेल्ट नसलेला माणूस तिथून बाहेर जातो. लॅमिनेटेड काच तडकली तरी जागेवर राहते, म्हणून घेताना सनरूफची काच कोणती ते विचारा. विक्रेत्याला उत्तर येत नसेल तर त्याच्या वर्कशॉपला विचारायला लावा.

आणि मुलांना सनरूफमधून उभं करू नका. लग्नाच्या वरातीत नाही, लोणावळ्याच्या धुक्यातही नाही. साधा कचकन ब्रेक लागला तरी त्या कडेवर मुलाचं पोट आपटतं.

१२. एसयूव्ही जास्त उलटतात का?

उंच आणि अरुंद वस्तू लवकर कलंडते, एवढं सरळ आहे. दोन चाकांमधल्या अंतराचं निम्मं घ्या आणि गाडीच्या गुरुत्वमध्याच्या उंचीने भागा. सेडानमध्ये ही संख्या १.४ च्या आसपास येते, उंच एसयूव्हीत १.२ च्या आगेमागे. संख्या जितकी लहान तितकी गाडी लवकर कलंडते.

पण नुसत्या वळणाने गाडी क्वचितच उलटते. एकट्या गाडीच्या अशा अपघातांत सुमारे ९५ टक्के वेळा गाडी आधी कशाला तरी अडखळते, असं अमेरिकन नोंदी सांगतात. आपल्याकडे ते 'काहीतरी' म्हणजे साइडपट्टी. डांबर आणि माती यांत वीतभर फरक असतो, डावं चाक खाली उतरतं, चालक घाबरून स्टिअरिंग झटकन उजवीकडे ओढतो, चाक डांबराच्या कडेला अडकतं आणि गाडी आडवी होते. अशा वेळी ब्रेक न दाबता वेग कमी होऊ द्या, कड जिथे बुटकी असेल तिथून सावकाश वर या.

ईएससी ही यंत्रणा घसरणाऱ्या गाडीचं एकेक चाक वेगळं ब्रेक करून तिला सरळ ठेवते. मजबूत छत उलटल्यावर कामाला येतं, ईएससी मुळात उलटण्याची वेळच कमी आणते. दोन व्हेरिएंटमध्ये अडला असाल तर सनरूफवाल्यापेक्षा ईएससीवालं घ्या.

१३. छतावर कॅरिअर आणि सामान किती ठेवायचं?

गाडीच्या पुस्तकात छताची मर्यादा दिलेली असते. बहुतेक गाड्यांत ती ५० ते ७५ किलो असते आणि कॅरिअरचं वजन त्यातच धरायचं. चाचणीत चार हजार किलो पेलणारं छत शंभर किलोला का भ्यावं, असं वाटेल. छताला काही होत नाही. वजन वर गेल्याने गुरुत्वमध्य वर जातो आणि प्रश्न १२ मधली संख्या घसरते.

१४. इलेक्ट्रिक गाडीत छताचं काय?

बॅटरी तळाशी असल्याने ती कमी उलटते. मात्र ती जड असते, त्यामुळे तेच गुणोत्तर गाठायला छत जास्त मजबूत लागतं. उलटलेल्या इलेक्ट्रिक गाडीत केशरी वेष्टनाच्या केबलला हात लावू नका.

१५. पुढची काच बदलली. त्याने छतावर काही फरक पडतो का?

पडतो, आणि हे कुणीच सांगत नाही. काच पॉलियुरेथेनने चौकटीला एकजीव चिकटवलेली असते. ती ए पिलरला तिरपं होऊ देत नाही, शिवाय डाव्या बाजूची एअरबॅग फुगते तेव्हा तिच्यावरच टेकते. चिकटवण नीट झालं नसेल तर उलटताना पहिल्याच दणक्याला अख्खी काच सुटून बाहेर जाते. अशी एक काच मी शेतात सापडलेली बघितली. गाडीपासून पंधरा पावलांवर, कडेला गोंदाची पट्टी तशीच, फक्त त्या पट्टीखाली मातीचा थर. बसवणाऱ्याने चौकट पुसलीच नव्हती.

काच बसवताना समोर उभे राहा. जुना गोंद कापून सारखा केला का, प्रायमर लावला का, हात न लावता काच सक्शनने उचलली का, ते बघा. गोंद वाळायला किती वेळ लागेल, हे त्या गोंदाच्या ट्यूबवर लिहिलेलं असतं आणि हवामानाप्रमाणे बदलतं. तेवढा वेळ गाडी हलवू नका. "अर्ध्या तासात न्या" म्हणणाऱ्याला ट्यूब दाखवायला सांगा.

१६. अपघातात पिलर वाकला. डेंटर म्हणतो गॅसवर तापवून सरळ करून देतो, कंपनीच्या निम्म्या खर्चात. करू का?

पिलर असेल तर करू नका. प्रश्न २ मध्ये सांगितलं तसं ते पोलाद तापवून आणि झटक्यात थंड करून कडक केलेलं असतं. गॅसची ज्योत लागली की तो कडकपणा जातो. वरून पुट्टी आणि रंग मारल्यावर पिलर नव्यासारखा दिसतो आणि पुढच्या वेळी तिथूनच मोडतो. असा पिलर कंपनीने ठरवून दिलेल्या जागी कापून नवा बसवायचा असतो.

खर्च गाडीच्या विमा रकमेच्या, म्हणजे आयडीव्हीच्या ७५ टक्क्यांवर गेला तर गाडी टोटल लॉस धरतात. पुष्कळ लोक मला विनवतात, "साहेब, टोटल करू नका, गाडी लकी आहे." त्यांचं मन मला कळतं. पण वाकलेल्या खांबाची गाडी घरात परत नेणं बरं नाही.

१७. जुनी गाडी घेतोय. ती आधी उलटलेली आहे का, कसं ओळखू?

दाराच्या चौकटीवरचं काळं रबर, ज्याला बीडिंग म्हणतात, ते हाताने ओढून थोडं सोडवा. ते पुन्हा दाबून बसतं. त्याखाली पत्र्यांच्या जोडावर स्पॉट वेल्डचे गोल ठिपके दिसतील. कारखान्यातले ठिपके एकसारखे, सारख्या अंतरावर आणि किंचित खोलगट असतात. ते गायब असतील, जोड घासलेला असेल किंवा रंगाखाली वेल्डिंगची खडबडीत रेघ लागली तर पिलर बदललेला किंवा ठोकलेला आहे. चारी दारं तपासून एकमेकांशी ताडून बघा. मग आतलं छताचं कापड बघा. दहा वर्षांच्या गाडीत तेवढंच कोरं का?

कोकणातली, समुद्राजवळ राहिलेली गाडी असेल तर ए पिलरच्या बुडाशी आणि दाराखालच्या पट्टीत गंज बघा. पिलर वरून कितीही चांगला असला तरी बूड सडलं तर तो उभा राहत नाही.

१८. मी आतून रोल केज बसवून घेऊ का?

रोजच्या गाडीत नको. शर्यतीत चालकाच्या डोक्यावर हेल्मेट असतं आणि सीटला पाच-सहा पट्ट्यांचा बेल्ट. तुमच्या उघड्या डोक्याजवळ पोलादी नळी आली तर साध्या धडकेतही कवटी तिच्यावर आदळेल. मूळ रचनेत असा बदल मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमातही अडकू शकतो, आणि क्लेमच्या वेळी कागद माझ्याकडेच येतात.

१९. मी सहा फूट दोन इंच आहे. माझं डोकं छताला जवळजवळ टेकतं.

तुम्ही गाडी निवडताना ही गोष्ट सगळ्यात वर ठेवा. उलट्या गाडीत बेल्ट लावलेला माणूसही काही सेंटिमीटर छताकडे सरकतो, कारण पट्टा थोडा ताणतो आणि अंग सीटवरून उचललं जातं. म्हणून सीट जितकी खाली नेता येईल तितकी न्या, पट्ट्याचा कमरेचा भाग हाडावर घट्ट ओढून घ्या. सीट फार मागे पाडून आराम करू नका, पडलेल्या माणसाला पट्टा धरू शकत नाही.

२०. इतकी मजबूत, महागडी एसयूव्ही होती, तरी कंटेनर पडून सगळे गेले. मग या चाचण्यांचा उपयोग काय?

२१ डिसेंबर २०२४ ला बंगळुरूजवळ नेलमंगला इथे कंटेनर गाडीवर कोसळून एका कुटुंबातले सहा जण गेले, त्यानंतर हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आला. ते कुटुंब मूळ आपल्या जत तालुक्यातलं, त्यामुळे सांगलीकडच्या लोकांना ती बातमी घरातली वाटली.

हिशेब मांडून बघा. दोन टनांच्या गाडीचं गुणोत्तर ४ धरलं तर छत आठ टन पेलेल. भरलेला कंटेनर ट्रेलर चाळीस टनांच्या पुढे जाऊ शकतो, आणि इथे तो वरून आदळतो. कुठल्याच मोटारीचं छत यासाठी बनत नाही. त्या गाडीत काही खोट होती असा अर्थ यातून निघत नाही.

इथे उपयोगी पडतं ते अंतर. वळणावर, उड्डाणपुलाच्या उतारावर, सिग्नलला कंटेनरच्या अगदी शेजारी राहू नका. ओलांडायचं असेल तर सरळ रस्त्यावर एकदाच ओलांडा, नाहीतर मागे राहा.

२१. घाटात गाडी दरीत गेली तर?

दरी खोल असेल तर छताचा हिशेब उरत नाही, कारण गाडी एकदा नाही, दहा वेळा आपटते आणि प्रत्येक वेळी आधीच कमजोर झालेल्या खांबांवर. तरी उतार झाडाझुडपांचा असेल तर बेल्ट लावलेली माणसं जिवंत सापडतात. घाटात रात्री ए पिलरमागे वळणावरचा दुचाकीस्वार लपतो, मजबूत पिलर जाड असल्याने जरा जास्तच. वळणाआधी मान पुढे-मागे करून बघायची सवय लावा.

२२. व्हिडिओत गाडीने चार कोलांट्या घेतल्या आणि सगळे हसत बाहेर आले. तीच गाडी घेऊ ना?

एका व्हिडिओवरून नको. मऊ शेतात लोळलेली गाडी आणि डांबरावर एकदाच कोपऱ्यावर आपटलेली गाडी यांत दुसरीचं छत जास्त चेपतं. ज्यातून कुणी बाहेर आलं नाही त्याचा व्हिडिओ कुणी अभिमानाने पाठवत नाही, हेही लक्षात घ्या. मी असे व्हिडिओ बघतो तेव्हा एकच गोष्ट शोधतो, बाहेर येणाऱ्यांच्या खांद्यावर पट्ट्याचा वळ आहे का.

२३. पावसाळ्यात उभ्या गाडीवर झाड पडलं. छत मजबूत होतं तरी मधोमध खड्डा पडला. असं कसं?

चाचणी कोपऱ्यावर होते आणि झाड मधोमध पडतं, जिथे खाली फक्त आडव्या पट्ट्या आणि पाऊण मिलिमीटरचा पत्रा असतो. गाडी रिकामी असेल तर नुकसान पैशांचं आहे, आणि ते ओन डॅमेज विम्यात मिळतं, नुसत्या थर्ड पार्टीत नाही. फांदी उचलायच्या आधी चारी बाजूंनी फोटो काढा, नंबर प्लेट त्यात दिसू द्या, आणि सर्व्हेअर येईपर्यंत गाडी सुरू करू नका. वादळात गुलमोहराखाली गाडीत बसून राहू नका, त्याच्या फांद्या ठिसूळ असतात.